सिम मालकाच्या नावावर

सास्तूरच्या ग्रामपंचायतीत पुण्याहून आलेले कृष्णराज सर अहवाल वाचत होते आणि मागं बसलेल्या खैरुनबीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

खैरुनबी गावची आशा कार्यकर्ती. मोबाइलच्या लहरींनी डोकं दुखतं का, झोप उडते का, हे शोधायला सरांची संस्था आली, तेव्हा वर्षभर चाळीस घरांचे उंबरे तिनंच झिजवले. कुणाचं डोकं कधी दुखलं, किती दुखलं, सगळं वहीत उतरवलं. खरं सांगा, तुम्हाला खरं उत्तर आणून देते, असा शब्द ती बायांना देऊन बसली होती.

फोनवर कोण किती बोलतं, हा आकडा मात्र सरांनी पुरुषांच्या सह्या घेऊन मोबाइल कंपनीकडून मागवला. आणि आता म्हणत होते, "रोज तीन-तीन तास बोलणाऱ्या पुरुषांची डोकी दुखत नाहीत. ज्यांची दुखतात, त्या बायकांकडे फोनच नाही. म्हणजे फोनचा आणि डोकेदुखीचा संबंध दिसत नाही."

खैरुनबी उठली. "सर, सिम मालकाच्या नावावर हाय. फोन बायांच्या कानाला असतोय."

गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. कार्ड घ्यायचं तर नवऱ्याचं आधार द्यायचं, ही रीतच. तुळजाबाईंचं बघा. मालक फोन घरी ठेवून रानात जातात आणि बाई डोक्यावरच्या पदरात तो कानाशी खोचून, लांबच्या लेकीशी बोलत भाकरी थापतात.

"हे आधी सांगायचं ना, ताई," सर म्हणाले.

वर्षभर हिच्याच घरचा चहा प्यालेला माणूस, आणि दोष हिलाच. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

"इचारलं कवा तुमी? चला, परत घरं फिरू. म्या फुकट फिरते."

"अहवाल वर गेलाय. पण आभारात तुमचं नाव आहे."

"ते खोडा," खैरुनबी म्हणाली. सरांनी फाईल मिटली आणि गाडी मागवली.

ती तशीच तडक तुळजाबाईंकडं गेली. तव्यावर भाकरी होती. बाईंनी लेकीला थांब म्हणून सांगितलं आणि पदरातला फोन काढला. कान लालबुंद झाला होता.

"मग आशाताई, काय निघालं? ह्येच्यानंच दुखतंय का माझं डोकं?"

थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण खैरुनबीला स्वतःचीच लाज वाटत होती.

"म्हाईत न्हाय, मावशी. डोकं तुमचंच लिवलं त्यांनी. पर कान मालकाच्या नावावर लावला."