हलवाईकाकूंची कढई

पणजोबांनी तांबटाची भट्टी घातली, आजोबांनी ती आगीत जाताना पाहिली, बाबांनी ती पुन्हा नावारूपाला आणली. आणि आता हातोडा थोरलीच्या हाती आला होता. एक ऋण मात्र फिटायचे राहिले होते. आगीनंतर शेजारच्या हलवायाने स्वतःची तांब्याची मोठी कढई आजोबांपुढे ठेवली होती. "कापा, भांडी घडवा, उभे राहा." हलवायाच्या सुनेने, हलवाईकाकूंनी, पुढे जन्मभर लोखंडी कढईत पाक केला, तो बुडाला लागे, त्या खरवडत बसत. आता काकू थकल्या होत्या. त्यांचा झारा चालतो आहे तोवर कढई पोचवायचीच, असे बाबांनी मनावर घेतले होते.

थोरलीने चढ्या भावाचा पत्रा आणला. तांबे मोठे मायाळू. लाल तापवून पाण्यात विझवले की हवे तसे वळते. ठोकत राहिले की मात्र ताठरते आणि पुन्हा आच मागते. शेवटच्या फेरीत थोरलीने ती दिली नाही. काठाला तडा गेला.

"सांधून टाक. वरून कल्हई कर," बाबा म्हणाले.

"साखरेच्या आचेला कल्हई टिकते का, बाबा? पाकात उतरेल."

भिंतीपलीकडून काकू कमरेवर हात ठेवून आल्या. "काठ काप गं. लहान कढई चालेल. मी तरी कुठे वाढतेय?"

"आम्ही मोठी घेतली होती, काकू."

"हट्टी मेली! थेट आजोबांवर गेलीस."

तडकलेली कढई मोडीत घातली, तरी नव्या पत्र्याचे पैसे जमेनात. थोरलीने न्हाणीघरातला जाडजूड तांब्याचा बंब अंगणात ओढला.

"आणि माझी अंघोळ?" धाकटा ओरडला.

"गार पाण्याने कर. डोके ताळ्यावर येईल."

बाबांनी कातर आणून दिली. बंब उलगडला, पत्रा सरळ झाला. या खेपेस थोरलीने तांबे मागेल तेव्हा आच दिली.

काकूंनी कढई चुलीवर चढवली. उष्णता सगळीकडे सारखी पसरली, पाक एकजीव उकळला, झारा बुडाशी कुठेच अडला नाही. काकू बराच वेळ नुसत्या ढवळत राहिल्या.

"वहिनी, फिटले?" दारातून बाबांनी विचारले.

"सगळे फिटले, भावजी. आता धूर खात उभे राहू नका, आत या."