अंगठ्याचं मौन

"पाणी सत्तरावर आलं की जागचं हलायचं नाही. दीड तास. काटा वर सरकला की आच कमी, खाली आला की जास्त. जगात काय चाललंय ते जगाला बघू दे."

हे आमच्या उस्तादांचं सांगणं. कवळ्या करायला मी त्यांच्याकडे शिकले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. लॅब आता मी आणि माझी नणंद चालवतो, पण कवळीचा पितळी साचा पाण्यात सोडला की हा आवाज अजून कानाशी येतो. साच्यातलं गुलाबी ॲक्रिलिक कच्चं असताना पाणी उकळलं, तर त्याच्या पोटात बुडबुडे धरतात. वरून कवळी छान हसते आणि आतून नुसती चाळण.

त्या गुरुवारीही आवाज आला. तो ऐकत ऐकतच मी फोन हातात घेतला.

मला काही नटनट्यांच्या भानगडी बघायची सवय नव्हती. माझा प्रार्थनेचा ग्रुप होता, दोनशे बारा माणसांचा. पहाटेचा पाठ झाला की मी त्यावर एक चांगला विचार टाकायचे. मग जोडलेले हात यायला लागायचे. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, कुणाच्या आईची तब्येत विचारायची, कुणी पाठवलेलं प्रवचन ऐकायचं, त्याच्या खालचं दुसरं, त्याच्या खालचं तिसरं. मी याला सत्संग म्हणत होते. देवाचं नाव घेत घेत माणूस किती वेळ मातीत घालू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर रुचलं नसतं.

सांगितलं होतं म्हणा. आठवड्यातून एक दिवस मी मौन पाळते. अशाच एका दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, मौनाच्या दिवशी तू जास्तच बोलतेस. फक्त अंगठ्यानं." मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी तिला हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. ती समोरच्याच टेबलाशी बसली होती.

गुरुवारी ग्रुपवर दोन बायकांची जुंपली होती. प्रार्थना बसून करावी की उभ्यानं, यावरून. मिटवणारी मीच. एक मोठा मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, कुणाला लागू नये म्हणून दोन शब्द बदलले. मान वर केली तेव्हा पातेल्यावरचं झाकण थडथड उडत होतं आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. काटा शंभरावर.

दुपारी साचा थंड झाल्यावर उघडला. खालच्या कवळीत, दाढांच्या मागे जिथे ॲक्रिलिक जाड असतं, तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं.

कवळी होती एका आजींची. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढले होते. त्यांच्या यजमानांना तरुणपणापासून ऐकू येत नाही, ते ओठांवरून बोलणं वाचतात. पण दात गेले तसे आजींचे ओठ आत बसले, आणि आजोबांना त्यांचं एक अक्षर कळेनासं झालं. तेव्हापासून दोघांच्या मध्ये एक पाटी. मेणाची कवळी लावून बघायला आल्या तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "पन्नास वर्षं तोंडानं भांडलो गं. पाटीवर भांडायला काय मजा? वाक्य पूर्ण होईपर्यंत राग जातो."

सोमवारी आजोबांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल करायचं होतं. त्याआधी आजींना त्यांच्याशी बोलायचं होतं, पाटीशिवाय. मी ठासून सांगितलं होतं, शुक्रवारी कवळी तुमच्या तोंडात.

नणंदेनं कवळी उजेडात धरून बघितली, मग माझ्या तोंडाकडे. "आतल्या बाजूला आहेत," ती हळूच म्हणाली. "पॉलिश मारलं की आजींना दिसणारपण नाहीत. सहा महिन्यांनी भोकांत अन्न अडकून वास मारायला लागेल, तेव्हा दुसरी करून देऊ." ती वाईट नाही. मला वाचवायला बघत होती. आणि खरं सांगायचं तर अर्धा मिनिट मीही तिच्याच बाजूची होते.

मग मी म्हटलं, "नवीन करायची."

वाट होती. साच्यातलं प्लास्टर फोडताना हिरड्यांचा ठसा फुटला होता, पण कवळी मापाची होती. तिच्यातच प्लास्टर ओतलं की हिरड्या परत मिळतात. दात गरम करून सोडवायचे, ताज्या मेणात पुन्हा तसेच बसवायचे. दोन दिवसांचं काम. शुक्रवार हुकणार होता, रविवार जमणार होता. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून शुक्रवारी मी आजींच्या घरी गेले.

जाताना वाटेत मी एक वाक्य घोकलं होतं, शेगडी बिघडली असं. आजींनी दार उघडलं. त्यांनी केस विंचरून नीट बांधले होते, साडी बदलली होती. आज कवळी मिळणार म्हणून. ते बघितलं आणि शेगडीचं वाक्य मी सोडून दिलं.

"कवळी बिघडली," मी म्हटलं. "पाण्याकडे बघायचं होतं आणि मी फोनमध्ये बघत होते."

खिडकीशी आजोबा बसले होते, माझ्या ओठांकडे टक लावून. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी चढ्या आवाजात विचारलं, "फोनमध्ये काय होतं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "भांडण. प्रार्थना बसून करावी की उभ्यानं."

"मग कोण जिंकलं?"

आजी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. त्यांचं हसू थांबेपर्यंत मी उभीच होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोळक्या तोंडानं सावकाश म्हणाल्या, "रविवार?"

"रविवारी सकाळी नऊ."

"नऊ म्हणजे नऊ. मला एकच दिवस उरतो."

मी हो म्हटलं.

व्रतं कशी पाळायची हे मला ठाऊक आहे, बावीस वर्षं पाळते आहे. "हे करणार नाही" असं व्रत टिकत नाही, मन दिवसभर त्याच्याच दारात बसून राहतं. कधी, कुठे आणि किती हे ठरवलं की टिकतं. घरी येऊन मी तसंच ठरवलं. लॅब उघडली की फोन कपाटात. जेवण झालं की पंधरा मिनिटं बघायचा, तेही उभ्यानं. खुर्ची कामासाठी. ग्रुपवर बाकीच्यांचं लिहिणं बंद, आता फक्त मी लिहिणार, आठवड्यातून एकदा. हे जाहीर केलं तर एका बाईंनी मला एकटीला लिहून विचारलं, मग आम्ही दिवसभर काय करायचं? त्यांना उत्तर लिहायला अंगठा शिवशिवला, पण पंधरा मिनिटं संपली होती. तेराव्या मिनिटालाच गुडघे बोलायला लागले होते.

शनिवारी सकाळी साचा पाण्यात सोडला. काटा सत्तरावर आला, मी स्टूल ओढून बसले. पहिल्या अर्ध्या तासात हात सात वेळा ॲप्रनच्या खिशाकडे गेला. नणंदेनं ते बघितलं आणि कपाटाकडे मान वळवून म्हणाली, "वहिनी, तो आत रडत असेल का गं?"

"रडू दे. सवय लागेल."

दीड तास लांब असतो, हे मी विसरूनच गेले होते. आच कमी केली, वाढवली. मध्ये मनातल्या मनात जप झाला. त्याला कुणी हात जोडले नाहीत, आणि फार बरं वाटलं. मग तासभर उकळी दिली आणि साचा त्याच पाण्यात हळूहळू निवू दिला. संध्याकाळी उघडला तेव्हा नणंदेनं कवळी दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवली. भोक शोधण्यात तिचा भारी उत्साह. एकही सापडलं नाही. "आता आजोबांची काही खैर नाही," ती म्हणाली आणि पॉलिशचं चाक सुरू केलं.

रविवारी पाठ नेहमीच्या वेळी झाला. मी डबीत ओला कापूस घालून कवळी ठेवली, कुठे टोचली तर घासायला बारीक कानस घेतली. आजींचं घर चालत पंचवीस मिनिटांवर. घड्याळात आठ वीस झाले होते. घरातले अजून उठले नव्हते, म्हणून दार आवाज न करता ओढून घेतलं, डबी दोन्ही हातांनी धरली आणि जिना उतरायला लागले.