भिंत आला

श्यामलाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि ‘भिंत आला’मधला ‘आला’ खोडून वर ‘आली’ लिहिलं. कागदावर इनमीन तीन ओळी होत्या, त्याही इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी ओळी. भिंत आला. भिंत आली. भिंत आलं. पहिली आणि तिसरी दुरुस्त झाली. मधली मुळात बरोबर होती, म्हणून सवयीने तिच्यापुढे बरोबरची खूणही पडली.

तेहेतीस वर्षांच्या मुलीने एका साध्या वाक्यासाठी तिन्ही लिंगं लिहून ठेवावीत, त्यातलं एखादं तरी लागू पडेल म्हणून, याचं त्यांना हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. लंडनच्या ईलिंग भागातल्या चर्च हॉलमध्ये बावीस वर्षं दर रविवारी त्या मराठीचा वर्ग घेत होत्या. लोकांची मुलं तिथे ‘तो दरवाजा, ती खिडकी, ते दार’ असं घडाघडा म्हणत. घरची सिया मात्र पाचव्या वर्षी जिथे अडखळली होती तिथेच अजून अडखळत होती, आणि आता तर बिनदिक्कत अडखळत होती.

त्यांनी तिन्ही ओळी कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत नव्याने टाइप केल्या. दुरुस्तीनंतर तिन्ही ओळी सारख्याच झाल्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं. पण मैदानावर तीन-तीनदा ओरडायचं असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. मग वर्गासाठी घेतलेल्या लॅमिनेटरमधून कार्ड काढून, कोपरे गोल कापून, ते सियाच्या किटबॅगमध्ये ठेवून दिलं.

सिया दिवसभर कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसात बसून लोकांच्या भिंतींना परवानग्या द्यायची आणि आठवड्यातून तीनदा मेडनहेडला जाऊन स्वतःच भिंत व्हायची. म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळायची. पायाने खेळतात तो फुटबॉल नव्हे, हे श्यामलाबाईंना समजायला एक वर्ष गेलं. या खेळात एक जण चेंडू फेकणारी असते. तिच्या पुढे पाच भरभक्कम बायका ओळीने वाकून उभ्या राहतात, आणि समोरून धावून येणाऱ्यांना तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्या पाचजणींचं काम. मधली असते ती सेंटर. ती चेंडू पायांमधून मागे देते आणि कुणी कुठे सरकायचं ते ओरडून सांगते. सिया सात वर्षं सेंटर होती. लहानपणी जिच्या रुंद खांद्यांमुळे पोलक्याचं माप चुकायचं, तिला जगात एक अशी जागा सापडली होती जिथे तेच खांदे हवे होते.

आता ती जागा जायची वेळ आली होती. पुढच्या वर्षी क्लब एका नव्या लीगमध्ये जाणार होता आणि पहिल्यांदाच खेळाडूंशी रीतसर करार करणार होता. ओळीतल्या चौघींची नावं ठरली होती. सेंटरसाठी करार एकच होता आणि उमेदवार दोघी: सिया, जिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि एली, जी बावीस वर्षांची होती आणि जिचे दोन्ही गुडघे शाबूत होते. शनिवारी चाचणी होती. त्या चाचणीसाठी एलीला सेंटरचे इशारे शिकवणं भाग होतं, आणि ते मराठीत होते, कारण सात वर्षांपूर्वी सियानेच ते बनवले होते, समोरच्या टीमला कळू नयेत म्हणून. कार्ड एलीसाठी होतं. जिने आपली जागा घ्यायची तिलाच आपण शिकवायचं, हे श्यामलाबाईंना अजब वाटलं होतं आणि त्यांनी तसं विचारलंही होतं.

“तिला कॉल्स माहीत नसेल तर ती ट्रायल फेअर नाही ना,” सिया म्हणाली होती. “आणि उद्या ड्रिझल आहे, सो तो कार्ड भिजायला नको.”

“ते कार्ड,” श्यामलाबाई म्हणाल्या होत्या.

सामने एरवी रविवारी असत आणि रविवारी वर्ग, त्यामुळे सात वर्षांत श्यामलाबाईंनी मुलीचा एकही खेळ पाहिला नव्हता. सगळे सामने नवऱ्याच्या, जयंतरावांच्या, वाट्याला. ते घरी येऊन डायनिंग टेबलवर मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या मांडून खेळ समजावून सांगत आणि जेवण थंड करत. चाचणी शनिवारी होती म्हणून या खेपेला दोघंही आले. रग्बी क्लबच्या मागच्या ओल्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून, गुडघ्यांवर शाल घेऊन ते बसले. सियाने गाडीतून उतरताच बॅगेतून कार्ड काढून, न बघताच, एलीच्या हातात दिलं.

बेव्ह नावाच्या कोचने नियम सांगितला. एकदा सिया मध्ये आणि एली तिच्या डावीकडे. मग दोघींनी जागा बदलायच्या. प्रत्येकीला तीन डाव.

सिया मध्ये वाकली. समोरच्या रांगेवर तिने नजर फिरवली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “भिंत आला!”

श्यामलाबाईंनी डोळे मिटून घेतले. चारचौघांत, तेही मेडनहेडमध्ये. डोळे उघडले तेव्हा पाचही बायका एकदम डावीकडे सरकलेल्या होत्या, कपाट सरकवल्यासारख्या, आणि त्यांच्या आड उभी असलेली मुलगी निवांतपणे चेंडू फेकत होती.

“भिंत आली!”

पाचही उजवीकडे.

“भिंत आलं!”

कुणीही हललं नाही. पाचजणी जिथल्या तिथे घट्ट रोवून उभ्या राहिल्या आणि समोरच्या त्यांच्यावर आपटून थांबल्या.

जयंतरावांनी टाळ्या वाजवल्या. “कळलं का? आला म्हणजे डावीकडे, आली म्हणजे उजवीकडे, आणि आलं म्हणजे जागा सोडायची नाही. काय डोकं आहे पोरीचं.”

श्यामलाबाईंना आपण टाइप केलेल्या तीन सारख्या ओळी आठवल्या. त्यांनी हळूच विचारलं, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का. सात वर्षं ठाऊक आहे, जयंतराव म्हणाले; तुला सांगितलं नाही, कारण तुला सोसलं नसतं.

तोवर दोघींनी जागा बदलल्या होत्या. एलीने बाहीतून कार्ड काढून एकदा वाचलं, ओठ हलवून पाहिले आणि वाकली. पहिली ओळ डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी जागेवर, एवढं सियाने तिला सांगून ठेवलं होतं; पण कार्डावर तीन सारख्याच ओळी होत्या. मुलगी हुशार होती, तिने मनाशी उत्तर काढलं होतं. फरक सुरात असणार. पहिली ओळ तिने खर्जात म्हटली. सगळ्या उजवीकडे गेल्या, ती एकटी डावीकडे गेली, आणि मधल्या भगदाडातून दोघी आत शिरून चेंडूवालीला आडवं करून गेल्या. दुसरी तिने मधल्या पट्टीत म्हटली आणि ती चालून गेली. तिसरी तार सप्तकात. पुन्हा चौघी उजवीकडे, एली जागेवर, आणि चेंडूवाली चिखलात. ओळीच्या टोकाला उभी असलेली डोना, जी आठवडाभर मेडनहेडचं टपाल वाटायची, तिने हेल्मेट काढून आभाळाकडे बघितलं.

एली कार्ड हातात धरून उभी राहिली. मी लिहिलंय तसंच म्हटलं, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. बेव्हने पॅडवर काहीतरी लिहिलं.

सियाने एलीच्या हातातलं कार्ड घेतलं. वाचलं. मग मान वर करून तिने थेट खुर्च्यांकडे पाहिलं.

श्यामलाबाई उठल्या. उठताना त्यांना स्वच्छ कळत होतं की बसून राहिलं तर करार सियाचा आहे. कुणाला काही कळणार नाही. आणि तो सियाला मिळावा असं त्यांना फार वाटत होतं, मनापासून. पण कार्डाचे कोपरे त्यांनी स्वतः गोल कापले होते. त्या शालीसकट मैदानात निघाल्या.

सिया दोन पावलं पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आई, राहू दे. तू बस.”

“बसते हां,” असं म्हणून श्यामलाबाई तिला वळसा घालून पुढे गेल्या.

बेव्हला त्यांनी सगळं सांगितलं. आपण शिक्षिका आहोत, चूक दिसली की हात शिवशिवतो, आणि त्या मुलीने अगदी बरोबर वाचलं, चुकीचं आपण छापलं. बेव्हने जरा गोंधळून विचारलं की मग नक्की बरोबर कोणतं. श्यामलाबाई म्हणाल्या, जे चूक आहे तेच बरोबर आहे. डोना इतक्या मोठ्याने हसली की समोरची रांगही वळून बघायला लागली.

एलीला पुन्हा तीन डाव मिळाले. लॅमिनेट केलेल्या कार्डावर पेन चालेना, तेव्हा श्यामलाबाईंनी तिच्या मनगटावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहायला घेतलं. लाल पेनाने, वळणदार इंग्रजी अक्षरांत, ‘भिंत आला’. ‘आ’ लिहून झाल्यावर हात क्षणभर थांबला. बावीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून चुकीचं काही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी उरलेलं लिहिलं, तिसरी ओळही लिहिली, आणि पहिल्या दोन ओळींपुढे बाण, तिसरीपुढे ठिपका काढून दिला.

एली चांगली खेळली. खरं तर फारच चांगली खेळली. चेंडू तिच्या हातून सियापेक्षा लवकर सुटत होता, हे श्यामलाबाईंनाही दिसलं. तिसऱ्या डावाला मात्र समोरच्या रांगेने ऐन वेळी जागांची अदलाबदल केली. तसं काही मनगटावर लिहिलेलं नव्हतं. एली थबकली. तेव्हा तिच्या डावीकडे वाकलेली सिया, आवाज न चढवता, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, “आलं, एली. आलं.” पाचही जागेवर राहिल्या आणि चेंडू सुखरूप गेला. बेव्हने पुन्हा पॅडवर काहीतरी लिहिलं. कुणासाठी लिहिलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

परतताना एम-फोर हायवेवर गर्दी होती. जयंतरावांनी रेडिओ लावला आणि बंद केला. शेवटी श्यामलाबाईंनीच मागे वळून न बघता विचारलं की तू मला बस का म्हणालीस.

“मीच सांगणार होती बेव्हला,” सिया म्हणाली. “फक्त दोन मिनिट एन्जॉय करत होती. एली ऑपेरा गात होती, आई.”

जयंतराव खो-खो हसले. श्यामलाबाईंनाही हसू आवरेना. गाड्या जराशा पुढे सरकल्या. मग सिया खिडकीतून बाहेर बघत म्हणाली,

“तुला माहीत आहे, मी तो कॉल का असा बनवला? मला भिंत काय आहे ते आठवायचाच नाही. तो, ती, ते. सो डोना म्हणाली, तिन्ही ठेव. मग तिथे मी काहीपण बोलली तरी कुणीतरी बरोबर बाजूला जातो. दॅट्स ऑल. तिथे मला मराठी बोलायला आवडते.”

तेवढ्या वाक्यांत किती चुका होत्या ते श्यामलाबाईंच्या कानाने आपसूक मोजलं असतं. पण ‘तिथे’ हा एक शब्दच त्यांच्या मनात रुतून बसला. घरात सिया हल्ली जास्त करून इंग्रजीच बोलायची, आणि मुलीला मराठीचा कंटाळा आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पर्समधून भडंगाची पिशवी काढून मागे दिली. ती सिया आणि जयंतरावांनी साउथॉल येईपर्यंत संपवली.

बेव्ह बुधवारी कळवणार होती. सोमवार, मंगळवार घरात कुणी विषय काढला नाही. जयंतरावांनी मिठाच्या बाटलीला हात लावला की श्यामलाबाई ती काढून घेत. बुधवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या, तेव्हा दार उघडल्याचा आवाज आला आणि सिया बूट न काढताच आत आली. कोट अंगात, फोन हातात. चेहऱ्यावरून काही समजायला वाव नव्हता. सात वर्षं हेल्मेटच्या आत चेहरा ठेवून तिला ती सवय लागली होती.

“बेव्हने मेल केली,” ती म्हणाली. “एली आणि मी दोघी टीममध्ये आहे. एक फर्स्ट, एक सेकंड. आणि एक कंडिशन टाकली आहे. कार्ड्स मी बनवायची. तू चेक नाही करायचा.”

श्यामलाबाईंनी मटाराची शेंग खाली ठेवली. अट ऐकून राग यायला हवा होता, पण तो यायला सवडच नव्हती. करार एकच, तो पहिलीचा; पण पहिली कोण, ते ही मुलगी सांगत नव्हती, आणि सरळ विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

“मग तुझं काय?” त्यांनी विचारलं. “आला, आली, की आलं?”

सियाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने समोरची खुर्ची ओढली.

“आलं,” ती म्हणाली. “कॉन्ट्रॅक्ट आलं.”

ते व्याकरणाने म्हणाली की मैदानातलं म्हणाली, हे श्यामलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी अर्धे मटार तिच्यापुढे सरकवले.