आत्या गुडघ्यावर बसली

मासाका शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नासूनाला बजावलं होतं, "गुडघ्याचा सांधा नवा बसवलाय. गुडघे टेकायचेच असतील, तर सध्या घरी, गादीवर." नासूनाने मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःच्या मनातलंच करायचं ठरवलं. भाचीच्या मागणीला आलेल्या पाहुण्यांना गुडघे टेकून नमस्कार करायचा मान आत्याचा, आणि नज्जेंबाला तर तिनेच लहानाचं मोठं केलेलं.

"ताई, तू खुर्चीत बस गं. मी करते ना तुझ्या जागी," चुलत बहीण नांतोंगो जिभेवर साखर घोळवत म्हणाली.

"माझी भाची, माझा गुडघा. तू केळी सोल."

मांडवात नासूना ऐटीत गुडघ्यांवर बसली. मागे घरच्या बायकाही गुडघे टेकून बसल्या. नमस्कार झाला, खुशाली झाली. आता उठायचं, तर गुडघा जागचा हलेना! हात मागावा, तर नांतोंगो जन्मभर ऐकवणार. मग नासूनाने खुशालीच लांबवली.

"गुरंढोरं बरी?"

"बरी आहेत," पाहुणे म्हणाले.

"केळीची बाग?"

"बरी आहे."

"शेजारीपाजारी?"

काय ही अदब, म्हणून पाहुणे खूश. मागच्या बायकांना मात्र आत्याआधी उठायची सोय नव्हती.

"ताई, ऊठ की गं! पायांना मुंग्या आल्या," नांतोंगो कुजबुजली.

नासूनाला घाम फुटला. आता खरंच रडू येईल असं तिला वाटलं.

समोर एकसारखे पांढरे झगे घातलेली पोरं बसली होती. त्यांतच नवरा मुलगा, मुकीबी. रीत अशी, की आत्याने त्याला पोरांतून ओळखून फूल लावेपर्यंत त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही. तो एकदा तिच्याकडे येऊन गेला होता. चहा पिताना त्याची मान वर झाली नव्हती. कसला मुळमुळीत पोरगा, असं तिने तेव्हा भाचीला तोंडावर सांगितलं होतं.

तोच मुळमुळीत पोरगा तिसऱ्या रांगेतून ताडकन उठला, पुढच्यांच्या चपला तुडवत आला आणि तिच्यापुढे वाकला.

"आत्या, माझ्या गळ्यात हात टाका."

"अरे, बस खाली!" पाहुण्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा ओरडला. "तुला अजून ओळखलेलं नाही!"

मुकीबीने ऐकलंच नाही. कण्हत, त्याला लटकत, नासूना उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने फूल मागवलं आणि त्याच्या छातीवर टोचलं.

"ओळखलं," ती म्हणाली.