दुसऱ्या वेळी मला दिसले

मित्रांनो, डिचोलीच्या एका रुग्णालयात पहिल्या मजल्यावर शेवटची खोली आहे, तिथे मी राहते. मी सोनोग्राफीची मशीन. वयाने आता चांगलीच जुनी झाले आहे. माणसाला ऐकू न येणारा आवाज मी त्याच्या शरीरात पाठवते आणि परत येणाऱ्या पडसादांवरून पडद्यावर करडे चित्र काढते. माझे काम एवढेच. पण या कामात मी एकदा कमी पडले होते. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म बंगळुरूकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून टेम्पोत बसून, चोर्ला घाटातल्या वळणांवर हादरे खात मी इथे आले. माझ्यावरचे खोके पहिल्यांदा उघडले ते बाबलीने. बाबली या खोलीतला तंत्रज्ञ. रोज सकाळी तो माझा पडदा मऊ कापडाने पुसायचा, वायरींना पीळ पडू नये म्हणून त्या सैल गुंडाळायचा आणि प्रत्येक तपासणीनंतर माझा प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगाला लावायचा भाग, नीट निर्जंतुक करायचा. आईच्या पोटातली बाळे मी पाहिली, मूत्रपिंडातले खडे दाखवले. लोक पडद्याकडे बघून हसत, कधी रडत. मला सगळे मोठ्या आदराने वागवत.

अशात एके दिवशी जवळच्या सर्वण गावचे भिकाजी आले. मूळचे दोडामार्गकडचे. सत्तावीस वर्षे त्यांनी खाणीवरून नदीवरच्या जेटीपर्यंत खनिजाचा ट्रक चालवला होता. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून ते मिरचीची लागवड करू लागले. रक्ताच्या तपासणीत त्यांच्या प्रोस्टेटचा आकडा जास्त आला होता. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी सगळ्यांनाच असते, ती प्रोस्टेट. तिथे कर्करोग आहे का, हे बघण्यासाठी सुईने तिचे बारीक तुकडे काढायचे होते.

मी ती ग्रंथी दाखवली. डॉक्टरांनी ठरलेल्या बारा जागांवरून बारा तुकडे घेतले. अहवाल स्वच्छ आला. भिकाजींनी खाज्यांचा पुडा आणून बाबलीच्या हातात ठेवला. माझी छाती अभिमानाने फुगली.

पुढच्या वर्षी रुग्णालयात नवी मशीन आली. मला कोपऱ्यात सरकवून वर जुनी चादर टाकली. दोन वर्षे मी तशीच उभी होते. फक्त बाबली शनिवारी येऊन मला थोडा वेळ सुरू करायचा, म्हणून मी जिवंत राहिले.

मग पेडण्याच्या डॉक्टर सिद्धी इथे रुजू झाल्या. एमआरआयचे चित्र सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवून नेमक्या जागी सुई कशी न्यायची, हे त्या शिकून आल्या होत्या. त्यासाठी लागणारा संगणक रुग्णालयाला मिळाला, पण नव्या मशीनला गरोदर बायकांच्या तपासण्यांतून उसंत नव्हती.

बाबलीने माझ्यावरची चादर काढली. "डॉक्टर, ही बघा. अजून बरी आसा. प्रोबाक एक चीर पडूक नाय."

सिद्धींनी मला सुरू केले आणि पडद्याकडे बराच वेळ बघितले. "हिच्यावरच करूया," त्या म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात सत्यवती आल्या, भिकाजींच्या पत्नी. एकट्याच. भिकाजींच्या रक्तातला आकडा वाढतच चालला होता आणि ते यायला तयार नव्हते. घरात काय बोलणे झाले ते त्यांनी माझ्यासमोरच सिद्धींना सांगितले.

"ते म्हणतत, बारा सुयो टोचून झाल्यो, काय गावूक नाय म्हणान कागदार लिवलेला हा, परत कित्याक? मी म्हटलंय, ट्रकाचो ब्रेक जरा वाजलो तर लगेच गॅरेजीत नेयत होतात. आणि ह्या अंगाचा काय?"

"मग?"

"मग कबूल झाले. उद्या घेऊन येतंय."

खरोखरच दुसऱ्या दिवशी भिकाजी आले, तोंड पाडून. आधी त्यांचा एमआरआय झाला. त्यात ग्रंथीच्या अगदी पुढच्या बाजूला एक लहानसा काळसर ठिपका होता. मागच्या वेळच्या बारा सुया तिथवर पोहोचल्याच नव्हत्या. मित्रांनो, ते ऐकले तेव्हा मला फार वाईट वाटले. तो स्वच्छ अहवाल माझ्याच चित्राच्या आधाराने तयार झाला होता.

"म्हणजे मशीन फटी उलयली?" भिकाजींनी विचारले. मशीन खोटे बोलली का, असे त्यांना म्हणायचे होते.

"नाही काका. तिला जेवढं दिसतं तेवढंच तिने दाखवलं. हा ठिपका तिच्या चित्रात वेगळा ओळखूच येत नाही. म्हणून आता एमआरआयमध्ये मी त्याच्याभोवती लाल रेघ काढलीय. ती रेघ हिच्या चित्रावर दिसेल. सुई तिकडेच न्यायची."

भिकाजी विचार करून म्हणाले, "जेटीर ट्रक रिव्हर्स घेताना क्लीनर मागे उभो रवान सांगता, तसा?"

"अगदी तसंच."

ते पहिल्यांदाच हसले.

जागा बधिर केली. माझ्या करड्या चित्रावर लाल रेघ उमटली. आजवर जे मला कधीच वेगळे दिसले नव्हते, त्याची जागा आता माझ्यासमोर होती. तेवढ्यात भिकाजींना खोकला आला. ग्रंथी हलली आणि लाल रेघ चुकीच्या जागी राहिली. सिद्धींनी हात थांबवला. घाई केली असती तर सुई पुन्हा बाजूला गेली असती. त्यांनी दोन्ही चित्रे नव्याने जुळवली. सुई गेली, चित्रात एक पांढरी रेष चमकली, थेट लाल रेघेच्या आत. तीन तुकडे तिथले घेतले, आणि बाकीचे नेहमीच्या जागांवरचे.

आठ-दहा दिवसांनी अहवाल आला. त्या तीन तुकड्यांत कर्करोग होता. बाकी सगळे स्वच्छ. रोग अजून ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. सत्यवती खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "वेळेर गावलो रोग. देव बरें करूं."

ती ग्रंथी काढण्याची भिकाजींची शस्त्रक्रिया पणजीकडच्या मोठ्या रुग्णालयात झाली. काही महिने त्यांना त्रास झाला, चालताना दम लागायचा, लघवीवर ताबा राहायचा नाही. पण हळूहळू ते सावरले. वर्षभरानेही रक्तातला आकडा जवळजवळ शून्यच होता.

त्यानंतर एका सकाळी ते पुन्हा आले. आभार मानायला असतील, असे मला वाटले. पण त्यांनी एका माणसाला दंडाला धरून आत आणले होते. ते गोकुळदास, त्यांच्याबरोबर ट्रक चालवणारे जुने सोबती.

"ह्याका दोन वर्सां लघवीचो त्रास आसा. कोणाक सांगूक नाय," भिकाजी म्हणाले. "अर्धो तास भायर गाडयेत बसान रवलो."

गोकुळदास खाली बघत पुटपुटले, "लज दिसता रे." त्यांना लाज वाटत होती.

"माका पण दिसलली. लजेपायी घरात रवलंय असतंय तर आज जित्तो नसतंय. झोप थंय."

मित्रांनो, तुमच्या घरातले आजोबा किंवा बाबा असे काही मनात लपवत असतील, तर त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा. दर वेळी मोठा आजारच असतो असे नाही, पण बघायला तर हवे. आणि जुनी झाली म्हणून एखादी मशीन फेकून देण्याआधी तिच्यावरची धूळ पुसून बघा. मी बाबलीची ऋणी आहे, माझ्या चित्रात न दिसणारे दाखवणाऱ्या त्या लाल रेघेची ऋणी आहे, आणि एकदा मी कमी पडूनही माझ्याकडे परत आलेल्या भिकाजींची तर सर्वांत जास्त.

गोकुळदास पलंगावर आडवे झाले. भिकाजींनी त्यांच्या चपला पलंगाखाली नीट लावून ठेवल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. बाबलीने बटण दाबले. माझा पडदा उजळला, आणि मी पाहू लागले.