संशोधनाची आवड

प्रमिलाबाईंनी तव्यावरची पोळी तशीच करपू दिली आणि लाटणं हातात घेऊनच त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

“काय म्हणालात? परत वाचा.”

मधुकरराव खुशीत होते. अहमदाबादच्या दातांच्या कॉलेजला अर्जासोबत पाठवायचा निबंध लेकीनं, अलकानं, इंग्रजीत लिहिला होता. बायकोला कळावा म्हणून ते तो मराठीत करून मोठ्यानं वाचत होते. उद्या बँकेतही सगळ्यांना दाखवणार होते म्हणे.

“संशोधनाची आवड. माझी आई बरीच वर्षं मिसरी लावते. तिच्या हिरड्या खराब झाल्या आहेत, दाढा पडल्या आहेत. अशा अडाणी सवयींचा अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे.”

प्रमिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरतेत इतकी वर्षं त्या मोरीचं दार लावून मिसरी लावत. शेजारच्या सरलाबेनला आजवर पत्ता नव्हता. आणि ही पोरगी ते परक्या पुरुषांच्या टेबलावर मांडायला निघाली होती!

“आई, सगळे गरिबांची सेवा करीन असंच लिहितात. काही वेगळं असलं तरच प्रवेश मिळेल. मी फक्त नमुना म्हणून तुझं...”

“नमुना? मी नमुना काय गं?”

“एवढं चिडायला काय झालं?” मधुकरराव हसले. “खोटं थोडंच लिहिलंय? किती वेळा सांगितलं, सोड ती घाणेरडी सवय.”

लाटणं टेबलावर आपटलं. शाईची दौत कलंडता कलंडता राहिली.

“खोटं नाही, अर्धं आहे. लावते हे लिहिलंस. का लावते, हे कधी विचारलंस?”

अलकानं दौत सरळ करून बाजूला सरकवली.

“तू पोटात होतीस. दाढ नुसती ठणकत होती, गाल टम्म सुजलेला. यांना म्हटलं, डॉक्टरकडे न्या. दाताला कसला डॉक्टर, म्हणाले. आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं मिसरीची पुडी आणून दिली. लाव, थांबेल म्हणाले.”

“त्या काळी सुरतेत,” मधुकररावांनी कागदाची घडी घातली, “दातांचे डॉक्टर होते तरी कुठे?”

अलका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि ‘अडाणी’ अर्थाच्या इंग्रजी शब्दावर काट मारली.

“बाबा, तुमचा तो सोन्याचा दात कधीचा?”

मधुकररावांचा हात तोंडाकडे गेला.

“त्याच वर्षीच्या दिवाळीचा, इथंच बसवलेला,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “लिही.”