कॉम्प्युटरमागची पाल

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ घ्यायचा, तर बटण दाबून मी कुकर लावायचे आणि दुसऱ्या शिटीला पडद्यावर माझं नाव उमटायचं, विमला. मग पासवर्ड. मग आणखी दोन शिट्या.

त्यावर मी लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, बचतगटाचे अहवाल असलं काय काय टाइप करून देते. शिकवलं कोणी नाही. कॉम्प्युटर धाकट्या दिराचा, अनिलचा. तो बोटीवर नोकरीला असताना त्याने घेतला आणि घर सोडून गेला तेव्हा मागे ठेवून गेला. मी व्हिडिओ बघत, चुकत, परत बघत तो हाताखाली आणला.

मिऱ्या बंदरावरच्या घरात आम्ही दोघीच असतो, मी आणि सासूबाई. नवरा, हरिश्चंद्र, लोटे गावच्या कारखान्यात पाळीवर. तिकडेच खोली घेऊन राहतो, सुट्टीला येतो, झोपतो आणि जातो. सासूबाईंचं नाव मालन, माहेर पूर्णगडचं. दुपारी मी टायपिंगला बसले की त्या शेजारी पाय पसरून कुळीथ निवडत बसतात आणि मनातलं मोठ्याने बोलतात. त्यांच्या मनात बहुतेक अनिलच असतो.

दोन वर्षांपूर्वी अनिल बोटीवरून उतरला तो 'आता परत जायचं नाही' असं ठरवूनच. त्यांची बोट वादळात सापडली होती. घरी आल्यावर आठवडाभर तो समुद्राकडची खिडकी उघडू देत नव्हता. शेजारचे भिकाजी आणि आणखी तिघेचौघे विचारपूस करायला आलेले असताना सासूबाई बोलून गेल्या, "तुझा बाप जन्मभर दर्यावर गेला. असा आयशीच्या पदराआड नाही बसला." दुसऱ्या दिवशी अनिलने बॅग उचलली. आता तळोज्याला एका शीतगृहात कामाला आहे. मला फोन करतो, आईच्या गोळ्यांची चौकशी करतो, पण 'आईकडे फोन दे' म्हणत नाही. सासूबाई तेव्हा समोरच बसलेल्या असतात, कुळथातला खडा त्यांना त्याच वेळी सापडत नसतो.

अशात गेल्या शिमग्याला पाल बोलली.

"अनिल यंदा गणपतीला येईल गो," असं त्या सहज म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरच्या मागून आवाज आला, चुक् चुक् चुक्. सासूबाईंनी तीन बोटं जमिनीवर आपटली. "सत्य, सत्य. ऐकलंस ना?"

आमच्याकडे बोलण्यावर पाल चुकचुकली की ते बोलणं खरं ठरतं. त्या दिवसापासून रोज दुपारी सासूबाई तेच वाक्य म्हणायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. पहिल्या खेपेला नाही तर तिसऱ्या खेपेला पाल बोलायचीच. मध्ये एकदा भिकाजींच्या गाईला पाडी होईल, पाडा नाही, यावरही तिने होकार दिला आणि पाडी झाली. मग तर विषयच संपला. मी कॉम्प्युटरमागे झाडू घातला तरी त्या ओरडायला लागल्या.

इकडे कॉम्प्युटर दिवसेंदिवस मंदावत चालला होता. मी नको त्या फायली काढल्या, सुरू होतानाच घुसणारे सात प्रोग्रॅम बंद केले, व्हायरस तपासला. दोन दिवस बरं चालायचं, परत ये रे माझ्या मागल्या. मग एका पत्रिकेत नवरीच्या नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले आणि फाइल वाचता येत नाही, असा संदेश आला. डिस्कची तपासणी लावली, तर सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या चहापर्यंत ती अकरा टक्क्यांवर बसून राहिली.

त्याच आठवड्यात वाऱ्याने विजेचा खांब पडला. दोन दिवस वीज नव्हती आणि दोन्ही दिवस पाल बोलली नाही. सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी वीज आली, मी बटण दाबून भाकऱ्यांकडे वळले आणि आवाज आला, चुक् चुक् चुक्. त्या आनंदाने "सत्य, सत्य" म्हणाल्या. माझे हात भाकरीच्या पिठात तसेच राहिले.

सासूबाई देवळात गेल्यावर मी चालू कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून आत कान लावला. पाल हार्ड डिस्कमध्ये होती. डिस्कची तब्येत दाखवणारा एक प्रोग्रॅम मिळतो, तो लावला, तर 'सावध' असा पिवळा शेरा आला. व्हिडिओतल्या माणसाने समजावून सांगितलं, की आत एक बारीक दांडी फिरत्या तबकडीवरून वाचत जाते. तिला जागा सापडली नाही की ती मागे येते आणि परत प्रयत्न करते. प्रत्येक खेपेला टक् वाजतं. असा आवाज येत असेल तर आधी तपासण्या बंद करा, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, दुरुस्तीचं मग बघा, असं तो बजावत होता. मी नेमकं उलटं करत आले होते. आणि आमच्या घरातलं सत्य म्हणजे एका दांडीचं अडखळणं होतं.

महत्त्वाचं आधी, असं करत मी तीन दिवसांत सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. चार फायली गेल्या, बाकीच्या वाचल्या. नवी डिस्क आणली, आत काहीच न फिरणारी. चार स्क्रू, दोन वायरी. ती बसवणं सोपं होतं. अवघड होतं ते जुनीला काढणं.

कारण नवी मुकी होती. मी मनात काय काय योजलं ते सांगायची लाज वाटते. जुनी डिस्क आतच ठेवायची, नुसती वीज द्यायची, म्हणजे ती आपली वाजत राहील. तसं केलंही, एक दिवस. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला, पाल बोलली, सासूबाई खूश. लगेच उठून त्यांनी अनिलची गादी उन्हात टाकली. आणि सकाळीच अनिलने मला फोनवर सांगितलं होतं, की रजा मागितलेली नाही, येऊन तरी काय करू.

त्या गादी झोडपत होत्या आणि मी खिडकीतून बघत होते. मग मला बघवेना. मी जुनी डिस्क काढली, अंगणात त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "आई, ही तुमची पाल."

सगळं सांगितलं. त्यांनी डिस्क उलटीसुलटी केली, कानाशी हलवून बघितली. मला वाटलं, फेकून मारतील. आधी त्या भांडल्या. म्हणाल्या, चार महिने मला जमिनीवर बोटं आपटायला लावलीस. मग ती पाडी कशी झाली, त्याचं उत्तर मागितलं. मग गादीवरच बसल्या.

"आता विचारायचं कोणाला?"

"त्यालाच विचारा की."

"मी काय बोलले त्याला, तू होतीस ना तिथे?"

"होते. त्यालाही माहीत आहे. तेव्हा ते परत सांगत बसावं लागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीचं माझं करपलेलं वरण आठवलं. मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात देऊन स्पीकर चालू केला. पलीकडून "बोल वहिनी" आलं. दुसऱ्यांदा "वहिनी?" आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर बिघडलेला. हिने नीट केला."

पलीकडे शीतगृहाची यंत्रं घरघरत होती. त्या आवाजातून अनिलने विचारलं, "काय झालेलं त्याला?"

"आत टकटक वाजायचं. मी पाल समजले."

अनिल हसला. आधी दाबून, मग मोकळा. दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या गादीचा टाका नखाने उसवत होत्या.

"अनिल, तुझा बाप पण एकदा घाबरलेला," त्या म्हणाल्या. "हरिश्चंद्र पाळण्यात होता तेव्हा. होडी उलटली, दोघे गेले. तुझा बाप तेवढा वाचला, आणि महिनाभर दर्याकडे पाठ करून जेवायचा. मी कोणाला कळू दिलं नाही. लोकांना सांगितलं, ताप आलाय."

हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नसावं.

"त्याचं झाकलं," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझं चार माणसांत उघडं केलं. ते चुकलं माझं."

पलीकडे कोणीतरी अनिलला हाक मारली. त्याने त्याला थांब म्हणून सांगितलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

"आये," तो म्हणाला, "यंदा मखर कोण करतोय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कोणीच नाही.

"तुझ्या भावाला चार खिळे सरळ मारता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "कोण करणार?"

"दोन दिवसच मिळतील मला. तेही मागून बघायला हवेत."

"मग माग. आणि थर्माकोल आणू नको हां, बंदी आहे. बांबू मी भिकाजीला सांगून ठेवते." असं म्हणून फोन माझ्याकडे न देताच त्या बोलत बोलत कुंपणाकडे गेल्या, भिकाजींना हाक मारायला.